हमरापूरच्या शिंका आणि गवती चहा

पनवेल

ती. आत्यास,


तुझा निरोप पोचला. पाऊस लागल्यापासून कारखान्यातल्या बायका शिंकांनी बेजार झाल्यात, त्यांना काढा कोणता द्यावा आणि मुंबईहून आलेल्या ‘ॲलर्जी टी’च्या पाकिटात काही दम आहे का, एवढंच तुला हवं होतं. उत्तर मात्र दोन ओळींत मावणारं नाही.

आधी हमरापूरचंच घे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात आळीगणिक गणपतीचे कारखाने. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती वाळली की तिचे सांधे पॉलिश पेपरने घासायचे, आणि हे काम बऱ्याच ठिकाणी बायकांच्या वाट्याला येतं. सोंडेच्या वळणात, बोटांच्या बेचक्यांत कागदाची घडी घालून घासावं लागतं. तोंड मूर्तीच्या अगदी जवळ असतं. पांढरी भुकटी भुवयांवर, पदरावर, बाजूला ठेवलेल्या चहाच्या सायीवरसुद्धा बसते. उन्हाळ्यात दारं सताड उघडी असतात. पावसात ओल येऊ नये म्हणून चहूबाजूंनी प्लॅस्टिक बांधतात, आणि नेमकी तेव्हाच कामाची घाई शिगेला पोचते. धूळ आतल्या आत फिरते. सोबतीला कंप्रेसरने मारलेला रंग, थिनरचा वास आणि भिंतीवरची बुरशी.

या सगळ्या शिंका एका जातीच्या नसतात. खऱ्या ॲलर्जीत शरीर बुरशी, परागकण किंवा अंथरुणातल्या माइट किड्यांना शत्रू समजतं, आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग नाकातल्या पेशी हिस्टामिन सोडतात. मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) म्हणजे भाजलेलं जिप्सम. त्याच्या धुळीने बहुतेकांना ॲलर्जी होत नाही, नाकाची नुसती जळजळ होते. शिंका दोन्हींत सारख्याच. सुट्टीच्या दिवशी ज्या बाईचं नाक मोकळं असतं, तिचं कारण कारखान्यात शोधावं. जिला घरी गोधडी झटकतानाही शिंका येतात, तिचं घरात.

आता काढा. कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दी संशोधन केंद्रात 2008 साली सर्दी झालेल्या 30 जणांना फळांचं सरबत दिलं: गरम आणि साधं. नाकातून हवा किती जाते ते यंत्राने मोजलं, तर गरम पेयाने फरक शून्य. पण गरम पेय घेतलेल्यांना घशाची खवखव, हुडहुडी, थकवा यांत लगेच उतार वाटला. साध्याने तेवढं झालं नाही. ते सर्दीचे रुग्ण होते, ॲलर्जीचे नव्हेत, तरी तुझ्या परसातल्या गवती चहाने आणि आल्याने बायकांना बरं का वाटतं, याचा अंदाज त्यातून येतो.

पेपरमिंट चहाचीही तीच गत. त्यातला मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतो आणि नाक उघडल्याचा भास होतो. मोजायला गेलं तर वाट तेवढीच चोंदलेली. या ग्राहीचा शोध डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी 2002 मध्ये स्वतंत्रपणे लावला. दोघांना 2021 चं नोबेल मिळालं त्या कामात हाही शोध होता. आपल्या चटणीच्या पुदिन्यात मात्र मेंथॉल नावापुरताच असतो, त्याचा वास कार्व्होनचा.

म्हणून झाडपाल्यात काही नाही असं समजू नकोस. कुंपणाच्या अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. इजिप्तमध्ये ओव्याच्या कुळातल्या एका झाडाच्या बियांचा काढा लोक मूतखड्यावर घेत. त्यातल्या केलिनवरून पुढे क्रोमोग्लायकेट निघालं. रॉजर अल्टून्यान हा डॉक्टर स्वतः दम्याचा रुग्ण. त्याने मुद्दाम स्वतःला दम लागू दिला आणि एकेक रसायन स्वतःवरच तपासलं. 1960 च्या दशकात त्यातून हे औषध हाती आलं. हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींनाच ते आवरतं. पण अडुळसा असो की या बिया, गुण येण्यासाठी द्रव्य वेगळं काढून, बदलून, मात्रा ठरवावी लागली. पातेल्यात किती उतरलं हे कुणाला सांगता येणार?

आता मुंबईच्या त्या पाकिटावर कॅमोमाइल लिहिलंय का, तेवढं बघ. कॅमोमाइल, शेवंती, झेंडू आणि काँग्रेस गवत एकाच कुळातली. काँग्रेस गवताने ज्यांचं अंग खाजतं किंवा नाक गळतं, त्यांना हा चहा उलटू शकतो. रुळाकडेचं काँग्रेस गवत उपटताना जिचे हात सुजतात, तिला तो अजिबात देऊ नकोस.

गवती चहा, तुळस, आलं खुशाल दे, दुपारच्या सुट्टीत, गरम गरम. त्याबरोबर घासायचं काम प्लॅस्टिकच्या आडोशातून काढून पडवीत आण आणि पंखा असा लाव की धूळ बाहेर जाईल. पदर धूळ अडवत नाही, एन-95 मास्क अडवतो. थिनरच्या वासावर मात्र तोही चालत नाही. संध्याकाळी उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की बराच आराम पडतो. नळाचं कच्चं पाणी नाकात नको. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला झोप आणणारी जुनी अविल नको असंही त्यांना सांगा. छातीत घरघर किंवा धाप असेल तर काढ्यावर एक दिवसही घालवू नका.

शेवटी मूर्ती कशाची करावी ते. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. सगळा वाद नदी-समुद्राचा होता. नाकाचा विचार केला तर शाडूची मूर्ती ओल्या हाताने गुळगुळीत करतात, त्यामुळे घासण्याची धूळ कमी उडते. यंदा थोड्या शाडूच्या करणार आहेस ना, मग त्या कामावर सर्वांत जास्त शिंकणारीला बसव.

तुझी भाची

ता. क. काढ्यात गोडीसाठी ज्येष्ठमध टाकतेस असं ऐकलं. काकांच्या कपात ते नको. रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि त्यांची बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्यासाठी गूळ घाल, आणि तोही बेताने.