कार्बनची जोडी

आज वॉशिंग मशीन गेलं. आठच वर्षं झाली होती. महिनाभर पिळताना घरघरत होतं, पण हीथ्रोवर उतरणारी विमानं डोक्यावरून जात असतात. हाउन्सलोत राहून त्या आवाजात हा आवाज वेगळा ऐकूच आला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, बेअरिंग गेलंय, आणि टब सीलबंद आहे. उघडायची सोयच नाही. अख्खा टब बदलायचा तर जवळजवळ नव्याची किंमत. जुलै 2021 पासून इथे कायदा आहे, मॉडेल बंद झाल्यावरही मशीनचे सुटे भाग दहा वर्षं मिळायला हवेत. भाग मिळतो, पण परवडत नाही, याला काय म्हणायचं?

ओट्यावर आईचा सुमीत मिक्सर आहे. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. त्याचे कार्बन सांगलीत दोनदा बदलले. पेन्सिलीच्या तुकड्याएवढे ते काळे ठोकळे. मोटर टिकावी म्हणून आधी तेच झिजतात. झिजणारी वस्तू मुद्दाम हाताशी ठेवणारा तो कोण असेल, असं आज फार वाटत राहिलं.

इकडे येताना आईने फिल्मच्या रिकाम्या डबीत दोन जोड्या दिल्या होत्या. "लागतील गं."

मघाशी डबी हलवून पाहिली. एक जोडी आहे अजून.