दोन संक्रांती

आमच्या घरी संक्रांत दोनदा यायची. आजीचं माहेर रत्नागिरीचं, टिळक पंचांग पाळणारं. तिकडची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास. सासर पंचवटीतलं, दाते पंचांगाचं. इथली १४ किंवा १५ ला. आजी दोन्ही दिवशी तिळगूळ वाटायची. सूर्य एकच, पण राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची, यात दोन पंचांगांचा सुमारे चार अंशांचा फरक आहे आणि तेवढं अंतर कापायला सूर्याला चार दिवस लागतात, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आजीला ते कळायची गरज पडली नव्हती.

१५ जानेवारी २०२३ ला, रविवारी, मला आजी फार आठवली. गच्चीवर भावंडं पतंग उडवत होती आणि खालच्या खोलीत आम्ही एका खेळाच्या पुस्तकावरून महिनाभर चाललेलं भांडण पुढे चालवत होतो.

हा खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. कॉलेजमधल्या आम्ही पाचजणांनी हिरावाडीतल्या आमच्या घरी २०१९ पासून दर रविवारी हे केलं. आमचा खेळ पाथफाइंडर, दुसरी आवृत्ती. ६४० पानांचं ते जाडजूड पुस्तक आम्ही वर्गणी काढून मागवलं होतं. सगळ्यात मोठी वर्गणी आमच्या सिव्हिलवाल्या मित्राची होती, आणि सगळ्यात जास्त पानंही त्याचीच पाठ होती.

आता थोडा इतिहास, कारण भांडण त्यातूनच आलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला मूळपुरुष. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा सोबत एक खुला परवानाही दिला. नियमांचा गाभा कोणीही वापरा, त्यावर आपली पुस्तकं छापा. त्याच कंपनीची दोन मासिकं पायझो नावाची छोटी कंपनी चालवायची. २००७ मध्ये मासिकं तिच्याकडून काढून घेतली गेली, २००८ मध्ये पूर्ण वेगळी चौथी आवृत्ती आली आणि तिचा परवाना बराच आवळलेला होता. पायझोने त्या आवृत्तीमागे जायचं नाकारलं, जुनेच नियम सुधारून २००९ मध्ये पाथफाइंडर काढलं. म्हणजे आमच्या खेळाचा जन्मच ‘तुमची नवी आवृत्ती आम्हाला नको’ यातून झालेला.

आणि २०२२ च्या अखेरीस याच पायझोने ॲबॉमिनेशन व्हॉल्ट्स हे आपलं गाजलेलं साहस डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी काढलं. पडक्या दीपगृहाखालच्या तळघरांची गोष्ट आहे ती. मला आनंद झाला. माझ्या आतेबहिणीला आमच्यात यायचं होतं आणि तिला फक्त पाचवी आवृत्ती येत होती.

सिव्हिलवाला मात्र भडकला. "एवढे दिवस आपण या लोकांना पैसे दिले ते कशासाठी? दुसऱ्यांचं दुकान चालवायला? तिकडे एक पुस्तक काढलं म्हणजे इकडे एक कमी निघणार."

"अरे, गिऱ्हाईक वाढलं तर इकडेही येईल की," मी म्हटलं.

"तुझी बहीण येणार आहे का इकडे? तूच तिकडे चाललीयेस."

हे मला लागलं. तो पुढचे तीन रविवार आला नाही.

रागारागात मी ठरवलं, आपलं साहस आपणच दोन्ही नियमांत बसवायचं, बहिणीसाठी. ऑफिसात एकच ॲप दोन फोनवर चालवायचं काम मी रोज करते, त्यामुळे हे दोन संध्याकाळचं वाटलं होतं. पाथफाइंडरमध्ये शिकलेल्या कौशल्यात पात्राची पातळी मिळवतात. दहाव्या पातळीला किमान बारा. पाचव्या आवृत्तीत त्याच पातळीला फक्त चार. त्यामुळे एकीकडे दहाव्या पातळीच्या वीराला गॉब्लिनांची टोळी म्हणजे डास, तर दुसरीकडे तीच टोळी त्याला घाम फोडू शकते. माझ्या गोष्टीतला एक प्रसंग असा होता की जिथून जीव मुठीत धरून पळालो होतो, त्याच गावात आपण परततो आणि आता तिथलं कोणी आपल्याला हात लावू शकत नाही. आकडे बदलल्यावर तो प्रसंगच उरला नाही. नवा लिहावा लागला. दोन संध्याकाळींचे पाच आठवडे झाले आणि तेवढे दिवस आमच्या रविवारसाठी मी काहीच नवं लिहिलं नाही. सिव्हिलवाल्याचं गणित बरोबर होतं.

तेवढ्यात ५ जानेवारीला बातमी फुटली. विझार्ड्स तो जुना खुला परवानाच रद्दबातल ठरवू पाहत होती. मोठ्या विक्रीवर वाटाही मागणार होती. संक्रांतीच्या त्या रविवारी सिव्हिलवाला न बोलावता आला. बॅगेतून आमचं जाडं पुस्तक काढलं आणि शेवटाकडची पानं उघडून टेबलावर ठेवलं. बारीक अक्षरात परवाना छापलेला होता. विझार्ड्सचाच.

"हे मी कधी वाचलंच नव्हतं," तो म्हणाला. "आपलं घरही त्यांच्याच जागेवर बांधलंय."

मी त्याला गॉब्लिनांचा प्रसंग आणि माझे पाच आठवडे सांगितले. तो हसला नाही. "मग मी म्हणत होतो ते काय वेगळं होतं?"

"नव्हतं. पण तिला यायचंय रे."

आतेबहीण वरून मांजाने कापलेलं बोट घेऊन आली, तेव्हा ते दोघं पहिल्यांदा भेटले. त्याने तिला बँड-एड दिली आणि पाथफाइंडरमध्ये एका पाळीत तीन कृती कशा असतात ते लगेच समजवायला घेतलं.

२७ जानेवारीला विझार्ड्सने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला केला. पायझोने तोवर स्वतःच्या वेगळ्या परवान्याची घोषणा केली होती.

आता महिन्यातले तीन रविवार पाथफाइंडर असतो, चौथा बहिणीच्या आवृत्तीचा. त्या चौथ्या रविवारी सिव्हिलवाला येतो, पण खेळत नाही. माझ्या शेजारी बसून राक्षसांचे आकडे तपासतो आणि चुका काढतो. त्याच्या काढलेल्या चुका बहुतेक वेळा बरोबर असतात.