पुत्राच्या देवत्वाविषयी भाचीस पत्र

ऊर्जानगर



तुझे पत्र पोचले. पिता आपल्याहून थोर आहे असे प्रभूनेच शिष्यांना सांगितल्याचे योहानाने नमूद केले असता, पुत्राला देव कोणत्या आधारावर म्हणावे, ही तुझी शंका वाचून मला राग तर आला नाहीच, उलट कोळसा आणि राख यांपलीकडे बोलणे क्वचितच जाणाऱ्या या वसाहतीत असा विषय निघाला याचे समाधान वाटले.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर पंडिता रमाबाईंनीही हीच तकरार सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्यापुढे मांडली होती; धर्मगुरूंची मुखत्यारी त्यांना मंजूर नव्हती, शास्त्राचा दाखला हवा होता. (बाईंचा हा बाणा मला त्यांच्या पुष्कळ उपदेशकांपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटतो.) पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांनी प्रभूच्या देवत्वाचे पुरावे १८८७ साली छापले, तेही एका मित्रास लिहिलेल्या पत्राच्या रूपाने. षड्दर्शनांचे खंडन करणाऱ्या त्या पंडिताची विद्वत्ता निर्विवाद आहे. तथापि वचनांची रास घालून निकाल लागत नाही असे माझे मत, कारण चौथ्या शतकात पुत्राचे देवत्व नाकारणाऱ्या एरियसनेही नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायापासून आपली रास घातलीच होती. त्याला उत्तर देताना अथानासियसने प्रत्येक वचनाला एकच प्रश्न विचारला: हे पुत्राच्या अनादि स्वरूपाविषयी बोलले आहे, की त्याने पत्करलेल्या मानवी अवस्थेविषयी?

ही रुजवात फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात करून पाहा. देवाच्या स्वरूपाचा असूनही ज्याने दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभापर्यंत आज्ञा पाळली, त्याच्या नामापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असे पौल तेथे लिहितो; आणि हा गुडघा त्याने यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून घेतला आहे, जेथे आपल्यावाचून दुसरा देव नाही असे बजावून परमेश्वर ते नमन केवळ स्वतःसाठी राखून ठेवतो. एकेश्वरनिष्ठेत वाढलेल्या यहुद्याने तो मान येशूला द्यावा, आणि त्यामुळे पित्याचे गौरव उणे न होता वाढते असेही त्याच दमात म्हणावे, ही गोष्ट मला सुट्या वचनांच्या कोणत्याही यादीपेक्षा वजनदार वाटते. ते नाम त्याला 'दिले' गेले, म्हणजे ते आधी त्याचे नव्हते, असा आक्षेप निघेल. पण मग ज्याने स्वतःला रिक्त केले, त्याच्यापाशी आधी काय होते, याचा खुलासा आक्षेपकाने करावयास हवा. योहानातील तुझे वचन मी त्या दासावस्थेच्या सदरात घालतो. काही प्राचीन आचार्यांनी ते पिता हा पुत्राचे मूळ या अर्थी घेतले आहे, आणि तेही ग्राह्य आहे.

आधी यशया वाच, मग पौल. उलट क्रमाने नको. रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा अ. भि. शहा यांनी संपादिलेला, १९७७ साली निघालेला ग्रंथ तुमच्या ग्रंथालयात असल्यास नाताळात येताना घेऊन ये. माझी प्रत कोणी नेली ती परत आलेली नाही.

तुझा,
मामा