एक प्ले म्हणजे किती गाणं?

मंडळी, एक साधा प्रश्न. समजा, तुम्ही महिनाभर फक्त किशोरीताईंचंच गाणं ऐकलंत. तर त्या महिन्याची तुमची वर्गणी कुठे जाते? "त्यांच्या गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना" असं म्हणत असाल तर थांबा.

स्पॉटिफायसारख्या कंपन्यांमध्ये सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडतात. कंपनी आपला साधारण एक तृतीयांश वाटा काढते. उरलेले पैसे कोणाचं गाणं किती वेळा वाजलं त्या प्रमाणात हक्कदारांना मिळतात. गायकाच्या हाती त्यातलं किती पडतं, ते त्याच्या करारावर! म्हणजे तुम्ही कधीच न ऐकलेल्या हिट गाण्यालाही तुमच्या खिशातून पैसे जातात.

पण खरी गोम मोजणीत आहे. तिथे गाणं ३० सेकंद वाजलं की एक 'प्ले'. तुम्ही अर्धा तास विलंबित ख्याल ऐकलात, एक प्ले. शेजारच्या पोराने तेवढ्याच वेळात अडीच-अडीच मिनिटांची गाणी ऐकली, बारा प्ले! शिवाय २०२४ पासून वर्षभरात १००० प्ले न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. उद्या एखादी तरुण गायिका बंदिश तीन मिनिटांत उरकायला लागली तर तिला दोष कसा द्यायचा?

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? ७८ आरपीएमच्या तबकडीतही तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. १९०२ साली गौहरजानने त्यात राग बसवलाच की! खरंय. आपलं भावगीतही त्याच साच्यात वाढलं. पण ती अडचण यंत्राची होती. एलपी आली आणि ख्यालाला एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. आज सर्व्हरवर रात्रभराची मैफल आरामात मावते. आडवा येतो तो फक्त मोजणीचा नियम. आणि नियम बदलता येतो. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी 'ज्याने ऐकलं त्याचे पैसे त्याच्याच कलाकाराला' ही पद्धत आणली. मिनिटं मोजणं तर आमच्या धंद्यात अगदीच किरकोळ काम.

पायरसीने बुडवलेला हा धंदा स्ट्रीमिंगनेच वर काढला, हे मान्य. २०२३ मध्ये जगभरच्या रेकॉर्डेड संगीताच्या उत्पन्नात स्ट्रीमिंगचा वाटा सुमारे ६७ टक्के होता. म्हणून तर वाटणीचा प्रश्न महत्त्वाचा.

असो. नियम बदलेपर्यंत आवडत्या गवयाच्या मैफलीचं तिकीट काढा. ते पैसे तरी हंड्यात जात नाहीत.