सबवूफर फाटतो कसा?

चतुर्थी जवळ आली की आमच्या मालवणकडच्या वाड्यांत दोन गोष्टींची धांदल उडते. माटवीला बांधायची कवंडळं शोधायची आणि माळ्यावरचा साऊंड खाली काढायचा! हल्ली मोठी मुलं सबवूफरसुद्धा घरीच बनवतात. प्लायवूडची पेटी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेला आठ इंची स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर. मला हे फार आवडतं. हातात स्क्रूड्रायव्हर असलेलं पोर सहसा कंटाळलेलं दिसत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं वर्षभर पैसे साठवून असाच सबवूफर केला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर भावंडांनी बटण पिळलं ते पिळतच नेलं. संध्याकाळी स्वारी आमच्या दारात. "बाई, आवाज फाटता!" डोळे भरलेले. स्पीकरच्या तारांना पेन्सिल सेल टेकवून बघितला. नुसतं 'टक्' व्हायला हवं होतं, पण खरखर झाली. आतलं वेटोळं वाकलं होतं.

आता हे वेटोळं म्हणजे काय? स्पीकरच्या कागदी पडद्यामागे बारीक तारेचं वेटोळं असतं. ते चुंबकाच्या फटीत पुढे-मागे पळतं आणि पडदा हवा ढकलतो. दशावतारातला पखवाज बघितलात ना? त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, म्हणजे कातडं जड होऊन सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. स्पीकरचंही तसंच, खालचा आवाज म्हणजे सावकाश हालचाल. पण तो मोठाही हवा, तर पडद्याला लांब धावावं लागतं. सेकंदाला ४० कंपनांऐवजी २० कंपनं तेवढ्याच जोरानं काढायची, तर धाव चौपट!

स्पीकरवर '१०० वॉट' छापलेलं असतं. तो आकडा वेटोळं किती ताप सोसेल ते सांगतो. पडदा किती धावू शकेल, ते नाही सांगत. "पण बाई, फ्यूज घातलाय ना!" अहो, फ्यूजला वीज कळते, अंतर कुठे कळतं?

अंतर सांभाळते ती पेटी. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा ढकलून पाहा. आतली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलते. बंद पेटीत पडद्याला हाच आधार मिळतो. नळीच्या पेटीत मात्र एका ठरावीक सुराच्या खाली हा आधार सुटतो. अशा पेटीचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील या इंजिनिअरनं १९६१ साली मांडलं. म्हणून नळीची पेटी करणाऱ्यानं ॲम्प्लिफायरच्या आधी त्या सुराखालचा आवाज अडवणारी गाळणी, म्हणजे सबसॉनिक फिल्टर, बसवावीच. आमच्या गड्याच्या पेटीला नळी होती, गाळणी नव्हती.

दुसरा शत्रू उष्णता. ॲम्प्लिफायरला झेपेनासं झालं की तो लाटेचे माथे कापतो. डोंगराचा सडा करून टाकतो म्हणा ना! अशी सपाट लाट वेटोळ्याला जास्त तापवते. लहान ॲम्प्लिफायर असला तरी स्पीकर जळतो तो असा. जळकट वास आला तर आधी प्लग काढा, आरती नंतर. आणि हावेचा हिशेबही बघा. ५० चे १०० वॉट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट वॉट लागतात!

नवा स्पीकर आणला, तेव्हा आम्ही दोघांनी त्याच्या बाबांना शेजारी बसवून काम केलं. तुम्हीही मोठ्यांशिवाय पेटी उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात. बाहेरचं बटण पूर्ण पिळलं, मोबाईलचा आवाज पूर्ण केला आणि सर्वांत दणदणीत गाणं लावलं. मग आतलं गेनचं बटण शून्यापासून हळूहळू वर नेलं. आवाज फाटायची चाहूल लागताच चांगलं मागे घेतलं, तिथं नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि झाकण स्क्रूनं बंद केलं. बाहेरचं बटण आता भावंडं हवं तेवढं पिळतात.