डोंगरावरचा उजेड

आमचे वडील नाना यांची दृष्टि काचबिंदूनें बहुतेक गेली, त्याला आतां तीन वर्षें होत आलीं. तरी देवळ्याच्या घरीं सायंकाळीं गच्चीवर येऊन बसण्याचा त्यांचा नेम चुकत नाहीं. दक्षिणेस सातमाळ्याची रांग आहे. तिकडे तोंड करून ते रोज विचारतात, “आज डोंगरावर उजेड कसा आहे रे?” आणि आम्ही रोज उत्तर देत असूं, “नेहमींसारखाच.” या उत्तराची आम्हांस लाज वाटूं लागली ती एका चित्रामुळें.

तें चित्र म्हणजे अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यांचें १८६० सालचें ‘अरण्यांतील संधिप्रकाश’. मूळ चित्र क्लीव्हलंडच्या संग्रहालयांत आहे. आम्हीं पाहिली ती अर्थात् छापील प्रत. चित्रांत मनुष्य नाहीं, कीं घर नाहीं. खालीं काळवंडलेले डोंगर व निश्चल पाणी. वर मात्र सारें आकाश पेटलेलें. पुढच्याच वर्षीं त्या देशांत यादवी युद्ध सुरू झालें, म्हणून त्या तांबड्या ढगांत पुष्कळांस अनिष्टाची चाहूल दिसते. चर्च यांचे गुरु थॉमस कोल यांनीं १८२५ सालीं हडसन नदीकांठचीं दृश्यें रंगवून या परंपरेचा पाया घातला. पुढें फिट्झ हेन्री लेन, केन्सेट प्रभृति चित्रकारांनीं याहून शांत मार्ग धरला. त्यांच्या चित्रांत कुंचल्याचा फटकारा सहसा दिसत नाहीं. आरशासारखें पाणी आणि त्यावर स्थिरावलेला प्रकाश, एवढ्यानेंच मन निवतें.

पण प्रकाश पाहण्यास अरण्यांतच गेलें पाहिजे असें नाहीं, हें आम्हांस आपल्याच आबालाल रहिमान यांनीं शिकविलें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांस लाभला. कोटितीर्थाच्या तळ्याकांठीं राहून त्यांनीं तोच परिसर पुनःपुन्हां रंगविला. १९३१ सालीं ते निवर्तले. तळें तेंच, बदलत होता तो उजेड. एका चित्रकारास एक तळें इतकीं वर्षें पुरावें, आणि आम्हांस समोरचा डोंगर ‘नेहमींसारखा’ वाटावा!

तेव्हांपासून आम्ही पाहूं लागलों. सूर्य कलला म्हणजे त्याच्या किरणांस हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. निळा अंश वाटेंत विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोंचतो. हें शाळेंत शिकलों होतों. परंतु कांदाकाढणीच्या दिवसांत धुळीनें डोंगर मातकट गुलाबी होतो, आणि सर पडून गेल्यावर तोच हाताला लागेल इतका जवळ येतो, हें कधीं पाहिलेंच नव्हतें.

परवां नानांनीं नेहमींचा प्रश्न विचारला. आम्हीं सांगितलें, “पायथा निळा पडला आहे. माथ्यावर पितळी उजेड आहे, आणि तो हळूहळू वर सरकतो आहे.”

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे अजून पांच मिनिटें आहेत. बस.”

आम्ही बसलों.