नाव टाकलं का?

आमच्याकडे शाळा २६ जूनला उघडायची. उरलेल्या महाराष्ट्रातली पोरं पंधरवड्यापूर्वीच वर्गात जाऊन बसलेली असायची, पण वऱ्हाडातल्या उन्हापायी आम्हाला सुट्टी जास्त मिळायची. अलीकडे तारीख मागेपुढे होते, तरी आमच्या पिढीच्या डोक्यात २६ जून पक्का बसला आहे. त्या दिवसांत तिवशाच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कोणाच्याही ओट्यावर एकच प्रश्न ऐकू यायचा, ‘नाव टाकलं का पोराचं?’ प्रवेश हा शब्द कागदावर होता, ॲडमिशन फार पुढे आली. आमचं शाळेत नाव टाकलं गेलं. आमच्या नातवंडांची ॲडमिशन होते.

नाव टाकण्याचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. बाप वावरात, आई त्याच्यामागे बियाण्याची ओटी घेऊन. मग ज्याला वेळ असेल तो पोराचा हात धरून शाळेत न्यायचा. कधी आजा, कधी चुलता, कधी नुसता शेजारी. तो सांगेल ते नाव आणि तो सांगेल ते वय रजिस्टरात चढायचं. घरातलं लाडाचं नाव असंच कित्येकांना जन्मभर चिकटलं. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला लागली की पोरगा सहा वर्षांचा झाला. ‘कोन्त्या सालचा हाये?’ गुरुजी विचारत. ‘मोठा पूर आल्ता ना, त्या सालचा,’ आजा सांगे. गुरुजी मनाशी हिशोब करत आणि १ जुलै लिहून टाकत. आमच्यातले कितीतरी जण त्यामुळे पुढे ३० जूनला एकदमच निवृत्त झाले.

नाव चढलं की पाटीची पूजा. नवी पाटी, तिच्यावर गुरुजींनी काढलेला ‘श्री’, हळदकुंकू आणि वर्गभर वाटलेले गूळफुटाणे. फुटाणे आणायची ऐपत नसेल त्याने नुसता गूळ आणावा, तोही नसेल त्याने हात जोडावेत. ओल्या मातीचा, पाटी पुसायच्या फडक्याचा आणि गुळाचा एकत्र वास येई. तो वास आमच्यातल्या कोणालाही आज डोळे मिटून ओळखता येईल.

आता नाव टाकायची लगबग एप्रिलमध्येच सुरू होते. अमरावती-नागपूर हायवेवर कॉन्व्हेंटांचे फ्लेक्स लागतात. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिचा मिशनऱ्यांशी संबंध असो वा नसो. फ्लेक्सवर टाय लावलेली मुलं, संगणकाचं चित्र आणि पिवळ्या गाडीचा फोटो. त्याच उन्हात, पारा चव्वेचाळीसवर असताना, जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम डोक्याला दुपट्टा बांधून दारोदार फिरत असतात. हातात दाखलपात्र मुलांची यादी, पर्समध्ये पाण्याची बाटली.

मागच्या एप्रिलमध्ये एका घरी मी हे जवळून पाहिलं. मॅडम अंगणातल्या खाटेवर बसल्या होत्या. घरची बाई चहा ठेवायला उठली, तर मॅडम म्हणाल्या, ‘चहा नंतर, आधी लेकरू दाखवा.’ लेकरू आईच्या लुगड्यामागे. बाईने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, घ्याले गाडी येते का?’ गाडी नव्हती. दुसरा प्रश्न, ‘आमच्या जेठाच्या पोरीले पोयमा येतात. तुमच्याकडं येतीन का?’ मॅडमनी पर्समधून पोस्टकार्डाएवढी चित्रं काढली, पोराला जवळ बोलावलं आणि बैलाचं चित्र दाखवून विचारलं, ‘हा कोण रे?’ पोरगं लुगड्याआडून म्हणालं, ‘आमचा सर्जा.’ मॅडमनी तिथेच पाटीवर ‘स’ काढून दाखवला. पोरगं खाली बसलं आणि त्याने त्यावर बोट फिरवलं. आई चहा ठेवायचं विसरून ते बघत राहिली.

आमच्या वेळी शाळेची अशी ओळख करून द्यायला कोणी दारात आलं नाही. त्याची गरजच नव्हती, कारण शाळा एकच होती. म्हातारी माणसं तिला जनपद शाळाच म्हणत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, पाटीवरचं नाव बदललं, तरी त्यांच्या तोंडातला जनपद गेला नाही. गुरुजी घरी येत ते पोरगं गैरहजर राहिल्यावर. तेही आधी स्वतः नाही, वरच्या वर्गातली चार दांडगी पोरं धाडत. ती पोरं कापसाच्या वेचणीतून, आंब्याच्या झाडावरून, कुठूनही त्याला हातापायांना धरून उचलून आणत. रडत, लाथा झाडत आलेलं पोरगं दारातच गप्प होई, कारण आत छडी होती. आज असं कोणी केलं तर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा. पण एक खरं की एखादं पोरगं आलं नाही हे त्या शाळेला त्याच दिवशी कळायचं आणि त्याच दिवशी कोणीतरी त्याला शोधायला निघायचं.

आता छडी गेली. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ती घालवली, वयाच्या दाखल्यासाठी पोराला अडवून ठेवायची सोय घालवली, आठवीपर्यंतची फी घालवली. पुस्तकं, गणवेश, दुपारचा आहार सगळं शाळेतच मिळतं. १९९५ मध्ये आहाराची योजना आली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं, हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. पोरं तो पिशवीत भरून खांद्यावरून घरी नेत आणि आया तो निवडायला बसत. आमच्या पिढीला तोही मिळाला नव्हता. इंग्रजी आम्हाला पाचवीत भेटली, आता २००० सालापासून ती पहिलीतच आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’चे मेळावे भरतात. पोराला टेबलाटेबलावरून फिरवतात, उडी मारायला लावतात, रंग ओळखायला लावतात आणि आईच्या हातात विकासपत्र देतात. हात डोक्यावरून कानाला लावण्यापेक्षा हे शंभरपट शहाणपणाचं आहे.

तरी मन तिथेच अडकतं, त्या ताटपट्टीवर.

चौथीपर्यंत गावात आणि पुढचे वर्ग मोठ्या गावी. या पुढच्या वर्गांना जुनी माणसं मिडल म्हणत. चार-पाच खेड्यांतली पोरं पायवाटांनी तिथे येत आणि पाचवीच्या पहिल्या दिवशी एकमेकांकडे टक लावून बघत. पाटलाचा मुलगा, त्यांच्या वावरात निंदायला जाणाऱ्या बाईचा मुलगा, कुंभाराचा, तेल्याचा, बौद्धपुऱ्यातला, मोहल्ल्यातला, पोस्टमास्तरचा, सगळे एका खोलीत. कोणाच्या डब्यात पोळी, कोणाच्या फडक्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. डॉक्टरांचं पोरगंही तिथेच असे, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. आमची मैत्री निवडून झालेली नव्हती. जो शेजारी बसला तो मित्र झाला आणि काहींच्या बाबतीत तो अजून आहे.

हे लिहिताना मलाच माझा संशय येतो. आम्ही एका खोलीत होतो हे खरं, पण एका ताटपट्टीवर होतो का? बौद्धपुऱ्यातली पोरं मागच्या भिंतीला बसत. बसा असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण पुढे बसा असंही कोणी म्हणत नव्हतं. पाण्याच्या रांजणाला हात कोणी लावायचा आणि ओंजळ कोणी धरायची, हे आम्हा सगळ्यांना न शिकवताच ठाऊक होतं. तिथून जवळच मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चाले. तिथे सगळ्या जातींची माणसं रांगेत शेजारीशेजारी बसत. महाराज १९६८ मध्ये गेले, प्रार्थना चालूच राहिली. आमच्यातली कितीतरी पोरं शनिवारी मोझरीला एका सतरंजीवर बसून आलेली असायची आणि सोमवारी शाळेत पुन्हा आपापल्या भिंतीला जाऊन टेकायची. हे आम्हाला तेव्हा खटकलं नाही. आज खटकतं, आणि तेव्हा का खटकलं नाही याचा त्रास जास्त होतो.

आणि मुली. चौथीनंतर घरात दुसरा प्रश्न निघायचा, ‘पुढे टाकायचं का?’ मुलाच्या बाबतीत तो फी आणि अंतराचा प्रश्न असे. मुलीच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेक आधीच ठरलेलं असे.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या जात पडताळणीसाठी माझ्या वडिलांची नोंद काढायला मी जुन्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. लाल कापडी बांधणी, पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरा झालेला, शाई जांभळट. वडिलांची नोंद सापडली. मग मी माझी शोधली. नाव, जात, धंदा शेती, जन्मतारीख १ जुलै. आईच्या नावाला रकानाच नव्हता. शेवटचा रकाना होता, शाळा सोडल्याचं कारण. माझ्यापुढे ‘उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी’ लिहिलेलं. माझ्या खाली चार नोंदी सोडून एका मुलीचं नाव. ती आमच्या वर्गात पाढे सगळ्यांत आधी म्हणायची, एकोणतीसचासुद्धा. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ ती गैरहजर कुठे होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आमच्याच वावरात ती कापूस वेचत होती. तिला उचलून आणायला गुरुजींनी चार पोरं कधी धाडली नाहीत.

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं. आता ती रजिस्टरं लोक जातीच्या दाखल्यासाठी उघडतात. शेवटचा रकाना कोणी वाचत नाही.

आजच्या फॉर्मवर आईचं नाव असतं. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, दोन वेण्या घालून घोळक्याने त्या मिडलच्या पुढे, दहावी-बारावीपर्यंत जातात. मागची भिंत गेली, रांजणाच्या जागी नळ आला, त्याला कोणीही हात लावतो. आम्हाला जे जमलं नाही ते आताच्या वर्गात साधलं आहे. फक्त वर्ग अर्धा रिकामा झाला आहे. सकाळी नऊला हायवेवर उभं राहावं. पिवळी गाडी ज्यांना परवडते त्यांची मुलं एका गाडीत, मोठी गाडी परवडते त्यांची दुसऱ्या गाडीत, आणि ज्यांना काहीच परवडत नाही त्यांची मुलं पायी. पूर्वी आम्हाला जातीने भिंतीपाशी वेगळं बसवलं होतं, आता फीने वेगवेगळ्या इमारतींत बसवलं आहे. त्या भिंतीला टेकलेला मुलगा निदान आम्हाला दिसत तरी होता.

कायद्याने यावर तोड काढली, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना. दरवर्षी ऑनलाइन सोडत निघते. तालुक्याच्या नेट कॅफेत बाप कागदांची थैली घेऊन बसतो आणि मोबाइलवर मेसेज येईस्तोवर जेवत नाही. ज्याचं नाव निघतं त्याचं भलं होतं, त्याबद्दल वाईट कसं वाटावं? नवोदयाचंही तसंच. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. सहावीपासून खेड्यातली मुलं एका छताखाली राहतात, जेवतात, शिकतात. पण तिथे परीक्षेतून ८० निवडले जातात. जनपद शाळा निवडत नव्हती. जो दारात येईल त्याचं नाव टाकत होती.

मग ती शाळा ओस कोणी पाडली? सरकारला दोष देता येतो, तो काही अंशी खराही आहे. भरती रखडली, मास्तरांना जनगणनेला आणि निवडणुकीला जुंपलं, कवेलू वेळेवर बदलले नाहीत. पण सगळ्यांत आधी बाहेर पडलो ते आम्ही. त्याच ताटपट्टीवर बसून शिकलो, नोकरीला लागलो, पहिला पगार घेतला आणि स्वतःच्या मुलांचं नाव टाकायची वेळ आली तेव्हा अमरावतीत खोली करून त्यांना कॉन्व्हेंटात घातलं. मीही घातलं. तेव्हा मला ते मुलांच्या भल्याचं वाटलं होतं, आणि माझ्या मुलांचं त्यात भलं झालंही. पण ज्या पालकाने गळक्या छतासाठी पंचायत समितीत जाऊन भांडायचं, तोच उठून गेला. मागे राहिलेल्या आईला बीडीओच्या केबिनमध्ये खुर्ची कोण देतं? आता शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा कायदा आहे. समिती आहे, बैठकीचं रजिस्टरही आहे, पण मजुरी बुडवून बैठकीला येणाऱ्या त्या बाईच्या शेजारी बसायला आम्ही नाही.

त्या अंगणातल्या पोराचं पुढे काय झालं ते मी जूनमध्ये जाऊन पाहिलं. मॅडमच्या यादीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण होती. पाटीची पूजा आता होत नाही. त्याऐवजी मुलांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतात. त्याचा ठसा भिंतीवर लावलेला होता, खाली पेन्सिलीने नाव, आईचं नाव आणि खरी जन्मतारीख. यादी एका पानात मावली होती, खाली बरीच जागा कोरी होती.

तुमच्या गावातली यादीही अशीच एका पानाची असेल. येत्या एप्रिलमध्ये दुपट्टा बांधून मॅडम तुमच्या दाराशी आल्या, तर ‘आमचं झालं कॉन्व्हेंटात’ म्हणून त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवू नका. त्यांना बसवा, लेकराला पुढे करा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन एक तास वर्गात बसून या. नाव कुठे टाकायचं ते त्यानंतर ठरवा.